साठ हिरवे दिवस

दोन वर्षांत मी एकदाही लाल झाले नाही. पिवळीसुद्धा नाही. हॉस्पिटलात मला लोखंडी सिस्टर म्हणायचे, आणि मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू. मी एस्तेर रणभिसे, मिरजेच्या एका मोठ्या हॉस्पिटलात मेडिसिन वॉर्डाची इन्चार्ज होते. 'होते' असं म्हणायला अजून जीभ वळत नाही.

आधी पट्टीचं सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. मनगटाच्या आतल्या बाजूला चिकटवायची, दोन बोटांएवढी रुंद, वर बारीक दिवा. ती तीन गोष्टी मोजते: कातडीचं तापमान, हृदयाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर, आणि घामातलं कॉर्टिसॉल. माणसावर ताण आला की शरीर हे कॉर्टिसॉल सोडतं. ताण वाढला की ते वाढतं, आणि ठोक्यांमधलं अंतर घड्याळासारखं एकसारखं होत जातं. निवांत माणसाचे ठोके थोडे पुढेमागे होतात, थकलेल्याचे होत नाहीत. दिव्याचा रंग ठरताना जास्त वजन कॉर्टिसॉलचं. ड्युटीच्या आधी अर्धा तास चेंजिंग रूममध्ये पट्टी लावून बसायचं. हिरवा दिवा लागला तर वॉर्डात जायचं, पिवळा लागला तर हलकं काम, लाल लागला तर सरळ घरी. तुमच्या जागी एजन्सीची सिस्टर येणार.

पट्टीमागोमाग कायदा आला. पट्टी लाल असताना सिस्टरला कामाला लावलं आणि चूक झाली, तर दोष हॉस्पिटलचा. पट्टी हिरवी असताना चूक झाली, तर दोष सिस्टरचा. ताजीतवानी असून चुकली म्हणजे हलगर्जीपणा. रजिस्ट्रेशन जाणार, वर फौजदारी खटला. ऐकायला किती न्यायाचं वाटतं बघा. आम्हीही टाळ्या वाजवल्या होत्या.

पट्टी तेव्हा माणूस ओळखत नव्हती, नंबर ओळखायची. सुरुवातीला ओळखायची, पण आम्ही दिवसातून शंभर वेळा हात धुणार, ओल्या हातावर ती मालकिणीलाच परकी समजून बंद पडायची. दुसऱ्याच महिन्यात कंपनीने तो भाग काढून टाकला. ही गोष्ट ज्यांना कळायला हवी त्यांना कळली नाही, आणि आम्हाला आठवड्यात कळली.

*

मेहजबीन मुजावर माझ्या वॉर्डातली, सव्वीस वर्षांची. कामाला चोख, पण फार मनाला लावून घेणारी. पेशंट गेला की ही दोन दिवस जेवायची नाही. मी म्हणायचे, अगं, असं केलंस तर तिशीच्या आत तुलाच ॲडमिट करावं लागेल.

त्या दिवशी सकाळी पावणेसातला ती चेंजिंग रूमच्या बाकावर बसली होती, पट्टी हातात धरून. सलग सोळावा दिवस. हिरव्यांना सुट्टी कोण देतो? दुसऱ्या वॉर्डातल्या लाल झाल्या आणि एजन्सीची मिळाली नाही, की त्यांचीही ड्युटी हिरवीच्याच गळ्यात.

"सिस्टर," ती म्हणाली, "आज मला लाल येऊ दे. मी दमलेय."

"कशाने दमलीस?"

"माहीत नाही. काल घरी जाताना रिक्षातून उतरले आणि घर कुठल्या गल्लीत ते दोन मिनिटं आठवेना."

हे मला तिने स्पष्ट शब्दांत सांगितलं. तोंडावर सांगितलं. माझ्या डोक्यात मात्र तेव्हा एकच आकडा होता. आमचा वॉर्ड सलग एकोणसाठ दिवस पूर्ण हिरवा होता, आज साठावा, आणि दुपारी खाली सभागृहात त्याची ढाल मिळणार होती. शिवाय एजन्सीची सिस्टर आली म्हणजे तिला कपाटाच्या किल्ल्यांपासून सगळं दाखवत फिरा.

"आम्ही तुमच्या वयाच्या असताना एका ड्युटीत दोन वॉर्ड बघायचो," मी म्हटलं. "आण इकडं."

तिची पट्टी मी माझ्या डाव्या मनगटावर लावली, माझी उजव्यावर होतीच. ॲप्रनच्या बाह्या खाली ओढल्या आणि अर्धा तास फॉर्म भरत बसले. दोन्ही हिरव्या झाल्या. त्या पंधरवड्यात हे तिसऱ्यांदा होतं. पट्टी परत दिली तेव्हा ती काहीतरी बोलणार होती. मी म्हटलं, "सांभाळून घेतलंय तुला. आता तोंड पाडून फिरू नकोस." आमच्यात सांभाळून घेणं हा मोठा शब्द आहे. मला सीनियर सिस्टरांनी सांभाळून घेतलं, मी पोरींना घेते. त्यात काही चुकतंय असं मला शिवलंही नाही.

*

बेड नंबर अकराला कणसे काका होते. एसटीतून रिटायर झालेले कंट्रोलर. तीस वर्षं स्टँडवर माइकवरून गाड्या पुकारल्या, त्यामुळे आवाज असा की आख्खा वॉर्ड उठून बसावा. जेवणाची ट्रॉली आली की खाटेवरूनच सुरू व्हायचे: "कवठेमहांकाळमार्गे जतला जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर लागत आहे. वरणभात असणाऱ्या प्रवाशांनी रांगेत यावे." मेहजबीन हसायची. ती हसावी म्हणूनच ते करायचे, मला वाटतं.

त्यांना साखरेसाठी जेवणाआधी इन्सुलिन होतं. त्या आठवड्यात औषधाची नवी बाटली आली होती, शंभरच्या ताकदीची. ड्रॉवरमध्ये सिरिंजा मात्र जुन्या, चाळीसच्या. शंभरच्या औषधाला चाळीसची सिरिंज वापरली की औषध अडीचपट जातं. टोपणाचा रंगसुद्धा वेगळा असतो. पहिल्या वर्षाच्या पोरीलाही हे पाठ असतं, आणि मेहजबीनला तर झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. त्या दिवशी ती जागेपणीच झोपेत होती.

साडेबाराला तिने इंजेक्शन दिलं. काका दोन घास खाऊन पडले. त्यांचा डोळा लागलाय असं तिला वाटलं. खाटेशेजारच्या स्टुलावर टेकली आणि तिचाही लागला. दीड तासाने मावशी लादी पुसायला आली तेव्हा काका घामाने निथळलेले होते आणि हलवून उठत नव्हते.

मी खाली सभागृहात होते. माझ्या हातात ढाल होती.

*

काका वाचले. पण मेंदूला साखर न मिळाल्याने बोलण्याची जागा बिघडली. शब्द समजायचे, फुटायचे नाहीत.

चौकशी समितीत तिघं होते. अध्यक्ष आमच्या वैद्यकीय अधीक्षक, डॉक्टर शिरगुप्पे. शांत बाई, उगाच आवाज न चढवणारी. मेहजबीन समोर उभी, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत.

"तुम्ही थकला होता का?"

"नाही मॅडम," ती म्हणाली. "पट्टी हिरवी होती."

मला वाटलं होतं, ती माझं नाव घेईल. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. सीनियरचं नाव सांगायचं नाही, हेही आम्हीच शिकवलेलं.

मग डॉक्टर माझ्याकडे वळल्या. "रणभिसे सिस्टर, तुम्ही इन्चार्ज. तुम्हाला ती दमलेली वाटली होती का?"

मी म्हटलं, "पट्टी हिरवी होती."

शब्दाशब्दाने खरं बोलले. त्याच्याइतकं खोटं मी उभ्या आयुष्यात बोलले नव्हते. पुढची तारीख दहा दिवसांनी पडली. त्या दिवशी तिचं रजिस्ट्रेशन रद्द होऊन कागद पोलिसांकडे जाणार, हे बाहेर शिपायालाही माहीत होतं. आणि मी? मी घरी जाऊन जेवले. पोटभर जेवले आणि झोपले. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी हिरवी.

*

कणसे काकांना रोज एक बाई बोलायला शिकवायला यायची. मी एकदा पडद्यामागे उभी राहिले. ती चित्र दाखवायची, पेला, चमचा, घर. काका घाम येईपर्यंत जोर लावायचे, आणि शेवटी एकच शब्द निघायचा. "जत." पेला, जत. चमचा, जत. आपण चुकतोय हे त्यांना कळायचं. मग ते भिंतीकडे तोंड करायचे.

शेजारी बसलेल्या कणसे काकूंनी मला बघितलं. डब्यातली शेंगदाण्याची पोळी काढून माझ्या हातावर ठेवली. "खावा सिस्टर, तुमच्या जिवाला पण किती घोर. ती मुजावर पोरगी दिसत नाही? ह्यांचा तिच्यावर लई जीव."

कुणाच्या हातून काय झालं ते त्यांना अजून कुणी सांगितलं नव्हतं. मी पोळी खाल्ली. नाही म्हणायला काय कारण सांगणार होते?

त्या संध्याकाळी मी मेहजबीनच्या घरी गेले. तिचे वडील सतार बनवणारे, ओसरीवर भोपळा घासत बसले होते. त्यांनी मला आदराने आत नेऊन खुर्ची दिली, ते आणखी जड गेलं. मेहजबीन चहा घेऊन आली. मनाशी म्हटलं, आता ही बोलेल, ओरडेल, आणि मी ऐकून घेईन. तेवढंच बरं वाटेल.

ती म्हणाली, "सिस्टर, एक विचारू? माझी पट्टी तुमच्या हातावर लगेच हिरवी व्हायची. तीच ड्युटी, तेच पेशंट, तुम्ही माझ्या दुप्पट वयाच्या. मग मलाच का एवढं व्हायचं? माझ्यातच काही कमी आहे का?"

मी कप खाली ठेवला.

"मी खूप विचार केला," ती म्हणाली. "मला वाटतं मी या कामाच्या लायकीची नव्हतेच. तुम्ही मला उगाच सांभाळून घेत राहिलात."

मी तिला काही दिलासा दिला असं सांगायला आवडलं असतं. वडील बाहेर भोपळा घासत होते, त्याचा आवाज येत होता. ही पोर माझ्यावर रागावलेली नव्हती. ती माझे उपकार मानत होती. त्या दिवशी घरी आल्यावर पहिल्यांदा घास गिळवला नाही.

*

दहाव्या दिवशी मी समितीपुढे उभी राहिले आणि सगळं सांगितलं. दोन मनगटं, लांब बाह्या, ढाल, सगळं.

कुणाचा विश्वास बसला नाही.

समितीतले एक गृहस्थ चक्क हसले. "सिस्टर, तुमची भावना कळते. तुम्ही लोक एकमेकींना सांभाळून घेता, हे आम्हाला माहीत आहे. पण पोरीला वाचवायला स्वतःवर खोटा आळ घेऊ नका. दोन वर्षं हिरवं रेकॉर्ड आहे तुमचं."

मेहजबीनही म्हणाली, "नाही मॅडम, असं काही झालं नाही." ती मला वाचवायला खोटं बोलत होती आणि सगळ्यांना वाटत होतं मीच बोलतेय. हसावं की रडावं.

तेव्हा मला सुचलं. मी म्हटलं, "मॅडम, पट्टी ठोक्यांची नोंद ठेवते ना? त्या सकाळचा तिच्या नंबरचा आलेख काढा आणि माझ्या नंबरचा काढा. एकावर एक ठेवा."

डॉक्टर शिरगुप्पेंनी पडद्यावर दोन्ही आणले. दोन माणसांची हृदयं अर्धा तास ठोक्याला ठोका मिळवून चालत नाहीत. आई आणि पोटातल्या बाळाचीसुद्धा नाहीत. पडद्यावर दोन रेघा होत्या, आणि एकावर एक ठेवल्यावर एकच उरली. मध्ये मी एकदा खोकले होते, ते खोकणंही दोन्हींत होतं.

मेहजबीनने मान खाली घातली.

मला वाटलं, सुटले. पण डॉक्टर पडद्याकडे बघतच राहिल्या. त्यांनी माझा आणखी एक दिवस काढला, मग आणखी एक, मग सगळी दोन वर्षं. कॉर्टिसॉलची रेघ आडवी, अंगणातल्या वाळणाच्या दोरीसारखी.

"सिस्टर," त्या हळू म्हणाल्या, "निरोगी माणसाचं कॉर्टिसॉल सकाळी उठल्यावर चढतं, दिवसभर उतरतं. ताण आला की पुन्हा चढतं. वर्षानुवर्षं ताण सुटलाच नाही, तर काहींचं शरीर शेवटी हाक देणंच बंद करतं. मग चढ नाही, उतार नाही. यंत्राला आपण शिकवलं की जास्त म्हणजे थकवा. कमी म्हणजे काय, ते कुणी शिकवलंच नाही. ते त्याला विश्रांती समजलं."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही हिरव्या नव्हता. त्या वॉर्डात सगळ्यांत जास्त थकलेल्या तुम्ही होता. मुजावर सिस्टर लाल होत होती कारण तिचं शरीर अजून बोलत होतं."

मी मेहजबीनकडे बघितलं. ती रडत होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं नाही. कधीपासून येत नव्हतं, हे मी तिथे उभी राहून आठवायचा प्रयत्न केला, आणि आठवलं नाही.

*

पुढे बरंच झालं. सगळ्या सिस्टरांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा हिरव्यांमध्ये एक्केचाळीस आडव्या रेघा निघाल्या. पट्टीला चौथा रंग दिला, राखाडी. त्या यादीत पहिलं नाव माझं. मेहजबीनवरचा आरोप मागे घेतला, रजिस्ट्रेशन राहिलं.

आणि माझ्यावरचा? तोही टिकला नाही. कायद्याप्रमाणे थकलेल्या सिस्टरचा दोष हॉस्पिटलचा, आणि मी थकलेली होते हे आता दोन वर्षांच्या नोंदींनी सिद्ध झालं होतं. जी सवलत तिने मागितली आणि मी दिली नाही, तीच मला न मागता मिळाली. माझा वकील म्हणाला, सुटलात. सहा महिने सक्तीची विश्रांती, इन्चार्जपद गेलं, बस.

विश्रांतीत मी झोपले, चालले, डॉक्टर सांगतील ते केलं. चौथ्या महिन्यात एका दुपारी कांदा चिरताना रडू आलं ते थांबेना. कांदा कधीच चिरून झाला होता. दुसऱ्या दिवशी मी कणसेंच्या घरी गेले.

काकू सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या. काका खुर्चीत, समोर चित्रांची कार्डं. मी काकूंना पहिल्यापासून सांगितलं. थकव्याचं, रेघेचं, राखाडी रंगाचंही सांगायला लागले, तर त्यांनी हात वर केला.

"ते मशिनचं ऱ्हाऊ द्या. त्या पोरीनं तुमास्नी सांगितलं होतं न्हवं, दमलेय म्हणून?"

"हो."

"तोंडानं सांगितलं होतं?"

"हो."

"मग?"

ते ऐकायला पट्टी लागत नव्हती, कायदा लागत नव्हता. समोर बसलेली पोरगी मराठीत सांगत होती.

काकूंनी सूप पुन्हा हातात घेतलं. मला बस म्हणाल्या नाहीत, जा म्हणाल्या नाहीत. काका माझ्याकडे बघत होते. त्यांना सगळं समजत होतं, समजण्यात काही बिघाड नव्हता. त्यांनी तोंड उघडलं, जोर लावला, आणि मग मिटून घेतलं. या वेळी 'जत'सुद्धा म्हणाले नाहीत. मी उठले.

*

नोकरीचे शेवटचे दोन महिने मला चेंजिंग रूमबाहेरच्या टेबलावर बसवलंय. पट्टी लावून झाली की सिस्टर माझ्यासमोर मनगट धरतात, मी रंग बघून नोंद करते. पट्टी आता माणूस ओळखते. माझी स्वतःची कधी पिवळी येते, परवा एकदा लालही आली. चांगलं लक्षण आहे म्हणतात.

मेहजबीन त्याच वॉर्डात आहे. माझ्याशी बोलते, कामापुरतं. तिला कोण दोष देईल? सिरिंजेचं टोपण ती तीनदा बघते, आणि बघून झाल्यावर दुसऱ्या कुणाला तरी दाखवते.

आज सकाळी ती आली आणि टेबलावर हात ठेवला. लाल. आत मेडिसिनला दोनच सिस्टर होत्या, एकीचा पहिला दिवस. एजन्सीची यायला दोन तास लागणार होते. हे सगळं तिलाही माहीत होतं, मलाही. ती हात तसाच ठेवून उभी राहिली. मी काय म्हणते याची ती वाट बघत होती.

"जा," मी म्हटलं.

तिने हात काढला, पर्स उचलली आणि गेटकडे गेली. वळून बघितलं नाही. एवढाच शब्द होता. त्या दिवशी पावणेसातला, चेंजिंग रूमच्या बाकावर, माझ्या तोंडून एवढाच निघायला हवा होता. माझी आज हिरवी होती. मी रजिस्टर मिटलं आणि तिच्या जागी ट्रे उचलायला वॉर्डात गेले.